पॉलिसीत बसणारी माणसं

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात सगळे तिला विमाताई म्हणत. कोणाचं बाळंतपण असो की कोणाचा मोडलेला हात, सगळ्यांच्या दवाखान्याचे कागद तिच्या टेबलावरून जायचे. एका दुपारी बाहेर पाऊस भुरभुरत असताना तिच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला. नवा वायरमन शिडी घेऊन आला, वर चढला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला,

"ताई... आईचं विम्याचं कार्ड दवाखान्यात घेत नाहीत. उद्या तिचं डायलिसिस आहे."

तिने फोन उचलला. विमा कंपनी दवाखान्याकडे बोट दाखवी, दवाखाना विमा कंपनीकडे. संध्याकाळपर्यंत ती दोघांच्या मागे हात धुऊन लागली. कार्ड चाललं. पंखा तर केव्हाच सुरू झाला होता, पण तो शिडीवरून उतरला नव्हता.

मग तो पंखा वरचेवर तपासायला येऊ लागला.

"बिघडलाय कुठे?" ती विचारायची.

"बिघडू नये म्हणून बघतोय," तो म्हणायचा, आणि तिच्या कपाळावरची आठी विरघळायची.

हळूहळू त्याच्या तोंडातली 'ताई' गळाली. 'मॅडम' जिभेवर बसेना. मग तो नुसतंच "अहो..." म्हणायचा, आणि त्या शब्दाने दोघंही कानापर्यंत लाल व्हायची. आईला डायलिसिसला बसवलं की तो खाली येऊन तिला फोन करायचा. आईच्या तब्येतीचं सांगून झालं, तरी फोन ठेवायचं कोणीच नाव घेत नसे.

पॉलिसीचं नवं वर्ष उजाडलं आणि हप्ता आभाळाला भिडला. साहेब म्हणाले, कुठेतरी कात्री लावावीच लागेल. कामगारांचे आईवडील वगळायचे. अधिकाऱ्यांचं आहे तसंच ठेवायचं. ती भांडली, हातापाया पडायचीच बाकी राहिली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की ही बातमी तिनेच द्यावी, तिचं सगळे ऐकतात.

तिने दिली. कोणी ओरडलं नाही. माणसं एकेक करून उठून गेली, आणि त्या दिवसापासून तिला कोणी विमाताई म्हणालं नाही.

तो जिन्यात भेटला. भिंतीला टेकून उभा होता. तिला जे सुचलं होतं ते बोलवेना. शेवटी डोळे मिटून बोलून टाकलं.

"आम्हा अधिकाऱ्यांच्या पॉलिसीत... सासू-सासरे बसतात."

खिडकीवर पाऊस वाजत राहिला. त्याला अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि विझला.

"मी विचारणारच होतो तुम्हाला," तो म्हणाला. "पगार वाढला की विचारू, म्हणून थांबलो होतो. आता कसं विचारू?"

"मी नाही हो तसं समजणार."

"तुम्ही नाही समजणार... मी समजेन. रोज. तुमच्याशी भांडताना, तुमच्याशी गोड बोलताना. आईलाही ते गिळवणार नाही."

तिने त्याची बाही धरली. त्याने सोडवून घेतली नाही. पण तिचाच हात थकून सुटला.

त्याने दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात नोकरी धरली. तिथे आईवडिलांना विमा होता, असं ऐकिवात होतं. जाताना त्याने तिला 'मॅडम' म्हटलं, आणि तिला ते शिवीसारखं लागलं.

नव्या ठिकाणी त्याच्या आईला पहिल्या दिवसापासून विमा लागू होईल ना, की जुना आजार म्हणून ताटकळत ठेवतील, या काळजीने ती पोखरून निघाली. शेवटी न राहवून तिने तिथल्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंना या कामाची सवय होती, आवाजात तोच थकवा होता. नियम बघून सांगते, पण शब्द देता येणार नाही, असं म्हणून त्यांनी विचारलं,

"पेशंट तुमच्या कोण?"

तिने तोंड उघडलं. डोक्यावर पंखा मुकाट फिरत होता.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघा ना... मी थांबते फोनवर."