पत्र्यामागचं लोखंड

"त्या बाईचं गाव सुनंसमोर काढू नका, भाऊजी. ही वाटूरचीच हाय."

सासूबाई हे माडीच्या जिन्याशी आबारावांना हळूच म्हणाल्या. मी जिन्याखाली भांडी विसळत होते. लग्नाला तीन महिने झाले होते. सून बोलत नाही म्हणजे तिला ऐकूही येत नसावं, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मला ते सोयीचं पडायचं.

साल नव्व्याण्णव. पोळा चार दिवसांवर आलेला. आमच्या मस्तगड मोहल्ल्यात लाईट गेली की आमच्याकडे सगळे गच्चीवर जमायचे आणि चुलत सासरे आबाराव भुताचं काढायचे. नणंद बेबीनंदा घाबरण्यासाठी आधीच पांघरूण घेऊन बसली. आमचे हे कठड्याला टेकले. सासरे, राधाकिसनमामा, नेहमीसारखे कोपऱ्यात. मी सगळ्यांना चहा दिला. मामांनी वाफाळता पेला उजव्या हातात घट्ट धरला, जसा पाण्याचा तांब्या धरावा. असा गरम पेला ते कसा धरतात, हे मी पहिल्या आठवड्यापासून पाहत होते. विचारलं नव्हतं.

मामांचं काम जुन्या गाड्यांचं, डेंटिंग आणि वेल्डिंगचं. अंगणात सदा पत्रे पडलेले, महिन्याला भंगारवाला नेणार. फक्त न्हाणीमागचं एक मडगार्ड तो कधी नेत नाही. भिंतीकडे तोंड करून, वर पोतं.

"शहागडला वसंता म्हणून डेंटर होता," आबारावांनी सुरुवात केली. "माझा दोस्त. खोटं सांगीन तर जीभ झडो."

"काका, मागच्या खेपेला बी जीभ झडणार होती," बेबीनंदा म्हणाली.

"तू गप. साल त्र्याण्णव, पोळ्याची अमावस्या. पोरं सगळी बैलं मिरवाया गावाकडं गेल्ती. वसंता एकटाच. रातच्या साडेनवाला तिथला बडा माणूस, सर्जेराव, गाडी घेऊन आला. बापाच्या टायमाची लँडमास्टर. त्या गाडीचा पत्रा म्हंजे पत्रा, आताच्यासारखा पापड न्हाई. तरी डाव्या बाजूचं मडगार्ड पार आत गेल्तं, एका जागी फाटलं बी होतं. म्हणे, रानातला रोही आडवा आला. सकाळच्या आत बराबर करून दे, कुणाला दिसाया नको. न्हाई केलं तर हितं गॅरेज राहणार न्हाई."

"मग?"

"मंग काय. वसंतानं हेडलाईटची रिंग काढली. आत बांगडीचा तुकडा. हिरवा. आन् त्याला पुरण चिकटलेलं."

बेबीनंदा पांघरुणासकट यांच्याजवळ सरकली.

"रोही पुरण खात न्हाई, एवढं वसंताला समजत होतं. तरी त्यानं तुकडा उकिरड्यात फेकला आन् गॅसची बत्ती पेटवली."

मामांनी पेला खाली ठेवला. रिकामा.

"फाटल्या जागी वेल्डिंग मारलं. मोठा खड्डा आतून ठोकून वर काढला. आता राहिली सफाई. सफाईला दोघं लागतात. एकानं पत्र्यामागं लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्यानं वरून हलकी हातोडी मारायची. मागं ठोकळा असला तर आवाज येतो टण. नसला तर भद्. आंधळ्याला बी कळतं. वसंता एकटा. त्यानं इचार केला, बिनठोकळ्याचं थोडं बसवून बघू. डाव्या हातानं कड धरली. हातोडी मारली."

आबारावांनी पेल्यावर नखानं टिचकी मारली.

"टण."

बेबीनंदानं पांघरूण वर ओढलं.

"त्यानं खाली बघितलं. ठोकळा त्याच्या पायाशीच पडलेला... त्यानं हातोडी जराशी सरकवून मारली. टण. खाली मारली. टण. हातोडी जाईल तिथं मागून कोणीतरी बराबर धरून राह्यलं. चाक काढलेलं होतं. वाकून बघितलं... कोणी न्हाई."

"पळाला न्हाई तो?" यांनी विचारलं.

"पळून कुठं जाणार? सकाळी सर्जेराव येणार. त्यानं हात फिरवला. डेंटर डोळ्यांवर भरोसा ठेवत न्हाई, तळवा फिरवून पत्र्याची लाट, उंचसखल बघतो. उजवा तळवा पत्र्यावरून नेला. आन् पत्र्याच्या त्या बाजूनं... दुसरा तळवा संगट सरकला. थंड. पत्र्यातून कळत होता."

"काका..."

"वसंता म्हणला, कोण हाय? आतून ठोका पडला. त्याच्या तळव्याखाली. पत्रा बाहेर फुगला. दुसरा ठोका. त्याच्या शेजारी. तिसरा..."

कुठंतरी कुत्रं भुंकायचं थांबलं, की मलाच ऐकू येईनासं झालं, सांगता येत नाही.

"हात निघंना. ठोके बंद झाले तवा निघाला. तळव्याचा पार दगड झाल्ता. वसंतानं काय करावं? फुगलेलं ठोकून आत बसवावं, तर हातोडी उचलाया हिंमत न्हाई. त्यानं त्यावर पुट्टी फासली. घासली. रंग मारला. पहाटे गाडी अशी, जशी वरातीला निघाली."

"आणि सर्जेराव?"

"घेऊन गेला खुशीत. गोदावरीच्या पुलाअलीकडं त्यानं गाडी थांबवली. ट्रकवाल्यांनी बघितलं. उतरला, मडगार्डाला कान लावला. मंग चाकाजवळ बसून आत हात घातला. सपाट जागा. हँडब्रेक ओढलेला. गाडी सरकली... हळू. घाई न्हाई. आधी हातावरून. मंग..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

"आन् मडगार्ड?" बेबीनंदा.

"गाडी पोलिसांनी नेली. आठ दिवसांनी वसंता दार उघडतो, तर उंबऱ्यात मडगार्ड उभं. एकटंच. बोल्ट काढल्याची खूण न्हाई, कापल्याची न्हाई. पुट्टी सगळी गळून पडलेली. कोणी आणलं, आजतागायत कळलं न्हाई. वसंताच्या तळव्याला काय तेव्हापासून लागत न्हाई. निखारा ठेवा."

मी मामांच्या पेल्याकडे पाहिलं. मग मामांनी माझ्याकडे.

मी एकदा ते पोतं सरकवून पाहिलं होतं. पत्रा आतून बाहेर फुगलेला, उंचवटे कमानीत, एकाशेजारी एक. बांगडीच्या गोलाईनं. तेव्हा वाटलं, कुणा शिकाऊ पोराचं काम असेल.

आणि वाटूरला, त्र्याण्णवच्या पोळ्याला, आमच्या ओसरीवर एक बाई लुगड्यानं झाकून ठेवली होती. पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन शेताकडं निघालेली. एका हातात चुडा होता. दुसरा हात आईनं मला पाहू दिला नाही. गाडी कुणाची, कधी सापडलं नाही. आई अजून पोळ्याला पुरण घालत नाही.

"पण काका, मागून लोखंड धरत कोण होतं?" बेबीनंदानं विचारलं. "ती बाई कोण, कुठली?"

आबाराव खाकरले. सासूबाई घाईनं म्हणाल्या, "कोण का असंना. चला, झोपा. जल्दी."

"जयवंताबाई," मी म्हणाले.

माझा आवाज यांनीही ओळखला नाही. इकडेतिकडे पाहिलं.

"वाटूरची. माझी सख्खी मावशी. मामा, सकाळी ते मडगार्ड बाहेर काढा. तुम्ही ठोका. मागून मी धरते."