कापड उचलू नकोस

काढा, दात काढा! रक्त कसं थांबवायचं ते शिकवायला बाई आल्या होत्या, आणि तुम्ही मागे बसून मोबाईल चोळत होतात. म्हणे, "आम्हाला काय करायचंय?" आता लाइट गेलेच आहेत, तर ऐका. गोष्ट खरी आहे. ज्याच्यासमोर घडली तो टेम्पोवाला माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. थापा मारणाऱ्यातला नव्हे.

गेल्या मार्चमधला शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा. बहिणीच्या खिडकीची काच आणायला टेम्पोवाला दुकानात गेला. कामगार घरी गेले होते. काचवाला एकटाच टेबलावर काच कापत होता.

"बस रे, झालंच."

"तुझं 'झालंच' म्हणजे तासभर धरायचा," टेम्पोवाला म्हणाला. दोघं हसले. तेवढ्यात भिंतीला टेकवलेली अख्खी काच सरकली, आणि काचवाल्याने ती झेलायला हात घातला.

मनगटाच्या वर, आतल्या बाजूने, हात फाटला. रक्त नुसतं वाहत नव्हतं, उसळत होतं. टेम्पोवाल्याने त्याला खाली निजवलं, अँब्युलन्सला फोन केला आणि खांद्यावरचा टॉवेल जखमेवर धरला. पण माणसाचा स्वभाव नडतो ना! थांबलं का बघू, म्हणून त्याने टॉवेलचं टोक उचललं.

"उचलू नकोस, गाढवा!"

आवाज मागून आला. म्हाताऱ्याचा. संतापलेला.

"काच आत राहिलीय?"

"न... नाही."

"मग दाब! दोन्ही हातांनी. अंगाचं वजन टाक."

त्याने दाबलं. टॉवेल भिजला. टेम्पोवाल्याचे हात सैल पडायला लागले.

"परत तेच! परत उचलून बघायचंय तुम्हाला! भिजलं तर वरून दुसरं ठेव. पहिलं हलवायचं नाही!"

एक हात तसाच दाबून ठेवत त्याने अंगातला शर्ट ओढून काढला. टॉवेलवर ठेवला. पुन्हा दाबलं.

मान वळवायची हिंमत नव्हती.

मानेवर गार वारा...

दार तर बंद होतं.

काचवाल्याने डोळे किलकिले केले. ह्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. "बाबा..." म्हणाला.

ह्याने दाब सोडला नाही.

अँब्युलन्स आली, तेव्हा ह्याने वळून बघितलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

काचवाला वाचला. दवाखान्यात टेम्पोवाल्याने सगळं त्याच्या बायकोला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. भीतीने नाही, रागाने.

"माझे सासरे त्याच टेबलापाशी गेले! असाच हात कापला होता. आम्ही चार मोठी माणसं अक्कल पाजळत उभी. कापड उचलायचं, बघायचं, थांबलं का, थांबलं का... एकालाही काही येत नव्हतं! शिकायला काय धाड भरली होती आम्हाला?"

तेवढ्यात नर्स आली. "तुम्हीच दाबून धरलं होतं ना? छान केलंत. तिन्ही कापडं जागची हलली नव्हती."

"तीन? दोनच होती."

नर्सने पिशवी उघडली. वर शर्ट, त्याखाली टॉवेल, दोन्ही रक्ताने जड झालेले. आणि सगळ्यात खाली, जखमेला लागून होता तो, चौकडीचा रुमाल. बायकोने ओळखला. सासऱ्यांच्या जखमेवरून शेवटचा तिनेच उचलला होता.

रुमाल कोरडा होता.