‘च’च्या भाषेत

सर उठले, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली!

खुर्ची बालवर्गातली, चिमुकली, लाल रंगाची. मोठी माणसं तिच्या वाटेला जात नसत. पण हे गृहस्थ सुतारकाम शिकवायला त्याच दिवशी रुजू झाले होते, वर्ग चुकून भलत्याच दारातून आत आले होते, आणि किनऱ्या आवाजाच्या एका चिमुरडीने ‘बसा ना’ म्हटल्यावर मुकाट्याने बसलेही होते. बाई आत येताच ते गडबडून उठले... आणि फसले.

पोरं खिदळायला लागली. बालवर्गाच्या बाई तेव्हा विशीतल्या. हसू काही केल्या आवरेना. त्या मदतनीस मावशींच्या कानाला लागल्या.

“चेखणाद चिसतोद, चणप चेंधळाव!”

ही ‘च’ची भाषा. लहानपणी आपण सगळेच ती बोललोय. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. देखणा दिसतो, पण वेंधळा! पोरांच्या कानावर पडू नये असं काही असलं की बाई आणि मावशी ते असं बोलत.

सर अजून वाकलेलेच होते. मान खाली ठेवूनच ते म्हणाले,

“चुर्चीख चाढाक... चगम चोलाब.”

खुर्ची काढा, मग बोला! बाईंचा चेहरा त्या खुर्चीपेक्षा लाल झाला.

शाळा खासगी, लहानशी, घरासारखी. बोट धरून आलेली पोरं मिसरूड फुटायच्या बेताला बाहेर पडत. सुतारकाम मोठ्या मुलांना, मागच्या पत्र्याच्या खोलीत. तिथल्या माणसाचं बालवर्गात खरं म्हणजे काहीच काम नव्हतं. पण त्या वर्षी बालवर्गाच्या खुर्च्या अचानक फार मोडायला लागल्या. आज पाय डुगडुगतोय, उद्या पाठ निखळलीय...

“खुर्च्या मोडतात, की कुणी सांजच्याला येऊन मोडून ठेवतं?” मावशी खडूचे डबे भरता भरता विचारत.

“मला काय माहीत!” बाई म्हणत, आणि खिडकीतून पत्र्याच्या खोलीकडे बघत.

मग सर येत. केसांत भुसा, बाह्या वर दुमडलेल्या, अंगाला ताज्या लाकडाचा वास.

“आज कोणती खुर्ची आजारी?”

“खुर्च्या ठणठणीत आहेत. तुम्ही उगाच आलात.”

“मग सुताराला तपासा. तोच आजारी आहे.”

“काय होतंय सुताराला?”

पोरांकडे एक नजर टाकून सर हळूच म्हणाले, “चोपझ चेतय चाहीन.”

झोप येत नाही! बाईंच्या हातातला रंगाचा ब्रश भिंतीवरच्या बदकाच्या चोचीवरून सरळ त्याच्या डोळ्यात गेला. ते निळ्या डोळ्याचं बदक पुढे कितीतरी वर्षं त्या भिंतीवर होतं.

पण च नसला की बाईंची वाचा बसे. साध्या मराठीत दोघं फक्त हवापाण्याचं बोलत. आणि वर्ष तर सरत आलं. सरांची नेमणूक वर्षापुरतीच होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना ठेवून घ्यायला तयार होत्या. पण दूरच्या एका गावातल्या शाळेनेही त्यांना बोलावलं होतं. शेवटच्या दिवशी शाळा सुटायच्या आत उत्तर द्यायचं होतं.

त्या दिवशी सकाळीच सर दाराशी आले. आज हातात हातोडी नव्हती.

“बाई, तुम्हीच सांगा. जाऊ की... राहू?”

बाईंच्या ओठांवर आलं होतं सगळं. पण तोंडून काय निघालं?

“तुमचं तुम्ही ठरवायचं. मी कोण सांगणारी?”

सरांनी मान हलवली आणि ते गेले. बाई मावशींजवळ जाऊन रडवेल्या झाल्या. “चलाम चरस चवेतह, चावशीम!”

“मला सर हवेत, मला सर हवेत... अगं, मला काय सांगतेस? त्यांना सांग की! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?”

“जीभच रेटत नाही, मावशी...”

शेवटचा तास. बालवर्ग पाटीवर मासे काढत बसला होता. सर निरोप घ्यायला आले. दारातच थांबले... बाईंकडे पाहिलं... बाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“येतो मग,” सर म्हणाले.

तेवढ्यात किनऱ्या आवाजाची ती चिमुरडी बाकावर चढली आणि तिने ललकारी दिली,

“चाऊज चकान, चरस!”

अख्खा वर्ग उठला. वर्षभर ऐकून ऐकून पोरं तयार झाली होती! “चाऊज चकान, चरस! चाईंनाब चरस चवेतह! चरस! चरस!”

मोठ्या बाईंची खोली शेजारीच. त्या धाडकन दारात उभ्या राहिल्या.

“चरस? बालवर्गात चरस? काय चाललंय इथे?”

मावशींनी तोंडात पदर कोंबला.

“तसलं नाही हो... भाषा आहे ती,” बाई कशाबशा म्हणाल्या. “‘सर’ म्हणतायत मुलं.”

“पूर्ण सांगा. काय म्हणतायत?”

“जाऊ नका, सर... असं.”

“आणि दुसरं काय होतं? चाईंनाब का काय?”

बाईंनी जमिनीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, निळ्या डोळ्याच्या बदकाकडे पाहिलं. मग सरांकडे... सर श्वास रोखून उभे. आता पळायला च सुद्धा उरला नव्हता.

“बाईंना सर हवेत,” त्या म्हणाल्या. आणि मग, एकेक अक्षर स्वच्छ, “म्हणजे... मला. मला तुम्ही हवे आहात. जाऊ नका.”

सर दारातून आत आले. तोंडून निघाला एकच शब्द.

“चांबतोथ.”

“थांबतो! थांबतो!” पोरांनी पाट्या बडवल्या. बाई हसत होत्या, रडत होत्या, आणि सर कुठेतरी टेकायचं म्हणून नेमके त्याच लाल खुर्चीत बसले.

“पुरे! मासे पूर्ण करा,” मोठ्या बाई गरजल्या आणि वळल्या. दाराशी मात्र क्षणभर थांबल्या. चेहरा तसाच करडा, पण ओठांचा एक कोपरा हलला.

“चग्नालाल चोलवाब.”

बाई आणि सर थिजलेच. चिमुरडीने मात्र क्षणाचाही वेळ लावला नाही.

“बाई, बाई! त्या म्हणाल्या, लग्नाला बोलवा!”

सर ताडकन उठले. आणि त्यांच्याबरोबर, अर्थातच, खुर्चीही.