अठ्ठावन्न चौकटी

'कस्तुरी'च्या उजव्या मडगार्डवरचा पोचा साडेतीन मिलिमीटर खोल हवा होता आणि तो पावणेचार झाला होता. बाबालाल शिकलगार लाकडी हातोडीने पत्रा आतून हळूहळू उचलत होते.

"पाव मिलिमीटर कोण बगतंय, मॅडम? म्युझियमात पोरं गाडीला टेकून फोटू काढत्यात. पट्टी लावत न्हाईत."

"तपासनीस लावतात, मिस्त्री," विभावरी म्हणाल्या. "मागच्या वेळचं विसरलात?"

मिस्त्री विसरले नव्हते. मागच्या गाडीचा पोचा त्यांनी चित्रपटात दिसतो तसा डाव्या दारावर उतरवला होता. नंतर कळलं, की त्या प्रसंगाची फिल्मच छापताना उलटी लागली होती. खरा पोचा उजवीकडचा. दोन्ही दारं नव्याने करावी लागली.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली ही प्रयोगशाळा बाहेरून गॅरेजच वाटे. अर्ध्या शेडमध्ये पत्रा, जोडकाम, रंगाचा वास. उरलेल्या अर्ध्या भागात काचेची थंड खोली आणि संगणक. गाजलेल्या चित्रपटांतल्या मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती इथे तयार होत. 'कस्तुरी' ही सतरावी. डॉ. विभावरी मगदूम यांना आता या हुबेहूबपणाचा शीण आला होता. मूळ गाडीला कंटाळा येण्याची मुभा होती, गंजण्याचीही होती. प्रतिकृतीला यातलं काहीच चालत नसे.

शेडच्या दाराशी बाकावर सोनाक्का बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. कागलहून एसटीने येत, पाण्याची बाटली मांडीवर धरून बसत आणि काही न विचारता संध्याकाळी परत जात. त्यांना हवं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

साठ वर्षांपूर्वी, 'कस्तुरी' ज्या चित्रपटात होती त्याच्या मोटारी त्यांचा थोरला भाऊ दौलू सांभाळत असे. शेवटच्या प्रसंगात रिकामी 'कस्तुरी' उतारावरून येते आणि कड्यावरून दरीत कोसळते. स्टेअरिंग दोरीने बांधून ती दोनदा सोडली, दोन्ही वेळा भलतीकडे वळली. तिसऱ्यांदा दौलू आत पालथा पडून स्टेअरिंग धरून राहिला. कड्याच्या अलीकडे एक खूण केली होती, तिथे उतरायचं ठरलं होतं. गाडी खाली गेली, डिकीतल्या पेट्रोलने पेटली, आणि त्यानंतर दौलू कुणाला दिसला नाही. बरोबरचे दोघे म्हणत, तो आत होता. कंपनीने लिहून दिलं, गाडी रिकामी होती, पोरगा काम सोडून पळाला.

"पळपुट्याची भण म्हणूनच माजं लगीन झालं," सोनाक्का म्हणाल्या होत्या. "त्यो काम करताना गेला, एवढं तुमच्या मशिनीनं सांगावं. म्युझियमात गाडीपाशी त्याचं नाव लागावं. मग मी मोकळी."

म्युझियमची तयारी होती. अट एकच, पुरावा हवा.

पुरावा मिळण्यासारखा होता. प्रयोगशाळेचं सगळं काम 'भारछाया' नावाच्या पद्धतीवर चाले. ती म्हणजे काय, हे मिस्त्रींनी एकदा चहा पिताना विचारलं होतं.

"रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो खड्ड्यातून गेला, तर तुम्हाला लांबून ओळखू येतो की नाही?" विभावरींनी विचारलं.

"येतोय की. रिकामा टणाटणा उडतोय. भरलेला म्हशीगत डुलतोय."

"बस, तेवढंच. गाडी किती वेगाने हेलकावते, कुठला कोपरा किती दबतो, यावरून आत किती वजन आहे आणि नेमकं कुठे आहे ते काढता येतं. तुम्हाला डोळ्यांना टेम्पो कळतो, संगणकाला किलो कळतात. फिल्मच्या एका सेकंदात चोवीस चौकटी. प्रत्येक चौकटीत गाडीची कड केसाएवढी इकडेतिकडे सरकते. ते सरकणं मोजायचं. पत्र्याच्या आत काय होतं ते न बघताच कळतं."

"म्हंजे पोटातलं बाहेरनं वळकायचं. आमची आई सुईण, तिला यायचं ते."

भारछायेने उत्तर दिलं होतं. शेवटच्या प्रसंगात 'कस्तुरी'च्या पुढच्या उजव्या बाजूला, जमिनीलगत, छप्पन किलो वजन होतं. विभावरींनी ते सांगितलं, तेव्हा सोनाक्कांनी पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ तो काढला नाही. नंतर मिस्त्रींना म्हणाल्या, "छप्पनच. जत्रंत काट्यावर हुबा ऱ्हायला की छप्पन भरायचा." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या. पितळी पाटी कोरून झाली: 'या प्रसंगात प्राण गमावलेले दौलू खाडे यांच्या स्मरणार्थ.'

आज शेवटची चाचणी होती. पोचा जमला. छप्पन किलोचं वाळूचं पोतं आत ठेवून प्रतिकृती चाचणीच्या उतारावरून सोडली, तिचं चित्रीकरण केलं आणि पडद्यावर मूळ फिल्मच्या शेजारी लावलं. दोन 'कस्तुरी' एकदमच निघाल्या, एकदमच डुलल्या. कीर्तनात दोन टाळकरी एका ठेक्यात झुलावेत तशा. विभावरींनी प्रमाणपत्रासाठी पेन उघडलं.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "मागं घ्या जरा."

"काय झालं?"

"शेवटाला जुन्या गाडीची उजवी बाजू वर आलीया. आपली न्हाई आली."

"मिस्त्री, कड्याजवळ दगड असेल."

"दगडावर गाडी उचलती आन् परत बसती. ही बसली न्हाई. वरच ऱ्हायली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी चाळीस वर्सं स्प्रिंगा बगतोय, मॅडम. ही गाडी हलकी झाली."

विभावरींनी तो तुकडा वेगळा काढून भारछायेला दिला. आधीचं गणित त्यांनी सबंध प्रसंगावर एकत्र केलं होतं. वजन अखेरपर्यंत आत होतं, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. कारण सगळे तसंच सांगत होते. आता त्यांनी एकेका चौकटीचं गणित मागितलं. त्याला वीस मिनिटं लागली.

छप्पन. छप्पन. छप्पन. कड्याच्या अठ्ठावन्न चौकटी आधी, शून्य. त्यानंतर पाच चौकटींनी उजव्या बाजूला एक बारीक धक्का. दार लागल्याचा.

"अडीच सेकंद," विभावरी स्वतःशीच म्हणाल्या. "बारा मीटर. गाडीचा वेग सायकलीएवढा, खाली गवत. कॅमेरा डावीकडे, मागच्या अंगाला, म्हणून उजवीकडे उतरलेला दिसला नाही. गाडीबरोबर तो वळला आणि गवत चौकटीबाहेर गेलं."

मिस्त्री हळूच म्हणाले, "पाटी तयार हाय, मॅडम. म्हातारीनं पोळ्या वाटल्या. आता ह्ये सांगायलाच पायजे काय?"

"पोतं अठ्ठावन्न चौकटी आधी टाकल्याशिवाय आपली गाडी त्या गाडीसारखी चालणार नाही. तसं लिहिल्याशिवाय मला सही करता येणार नाही. आणि लिहिलं, की पाटी खोटी."

"मग नका करू सही."

"तिला छप्पन याच मशिनने सांगितलं ना, मिस्त्री? तेव्हा आपल्याला ते गोड लागलं."

त्या बाहेर आल्या आणि बाकावर सोनाक्कांशेजारी बसल्या. इतक्या थकल्या होत्या, की प्रस्तावना सुचली नाही. जे दिसलं ते त्यांनी सरळ सांगितलं. आकडे सांगितले, गवत सांगितलं, दार सांगितलं.

सोनाक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पळालाच."

"उतरला, आक्का. ठरल्याप्रमाणे उतरला. पुढचं मला माहीत नाही. कॅमेरा गाडीबरोबर गेला."

"दार लावलं व्हय त्यानं?"

"हो."

"शॉट बिघडू नये म्हणून लावलं आसंल." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "लई नेटका व्हता कामाला. आन् घरी एक चिठ्ठी धाडता आली न्हाई."

"कंपनी म्हणाली पळाला," मिस्त्री दारातून म्हणाले, "तुमी म्हनला गाडीत व्हता. दोगंबी खरंच बोलला की, आक्का."

"खऱ्याला काय चाटायचंय, बाबालाल?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, शीण होता. "ती पाटी काढा. नुसतं लिवा, ही गाडी दौलू खाडेनं चालवली. तेवढं तर लिवता यील?"

"येईल," विभावरी म्हणाल्या. "तेवढं नक्की येईल."

सोनाक्का उठल्या. पाण्याची बाटली त्यांनी पिशवीत टाकली.

"दरसाल भादव्यात म्हाळाला त्याचं पान वाढत आले. साठ पानं झाली. कुनाच्या पोटात गेली, देवच जाणं. मेलेल्याचं सोपं आसतंय, बाई. वर्सातनं एकदा वाढलं की सुटलं. जित्या मानसाची भाकरी रोज झाकून ठिवावी लागती."

"आक्का, साठ वर्षं झाली. ते आता..."

"चौऱ्याऐंशीचा आसंल. का नसंल? मी हाय की." एसटीचा हॉर्न ऐकू आला तशा त्या चार पावलं भराभर चालल्या आणि परत वळल्या. "दात ऱ्हायलं नसतील त्येला. आज दुधातच कुस्करते."