चाकाखालची ओळ

एका दुपारी राजदीप स्टील प्लांटजवळच्या वस्तीत, रिसालीतल्या आमच्या दारात उभा राहिला, दोन्ही हातांत डबेच डबे. आमच्या मेसच्या ॲपवर त्याने एकच डबा मागवला होता. पण बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच हललं नाही, म्हणून हा दाबतच गेला... आणि माझ्या आईने, गिरजाबाईंनी, तेवढे सगळे डबे मनापासून भरून पाठवले होते.

ॲप बनवणं हेच त्याचं काम, पाहिजे तर दुरुस्त करून देतो, असं तो हिंदीत म्हणाला. मी लगेच फोन पुढे केला. मला तशीही प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय — आणि बोलताना याचे कान लाल का होतात, हे तर कळायलाच हवं होतं.

त्याने ॲपच्या पडद्यावर एक गोल चाक बसवलं. मागणी गेली की फिरायला लागणार, उत्तर आलं की थांबणार. तरी प्लांटची शिफ्ट सुटली की नेटवर्क रडायचं आणि लोक कंटाळून पुन्हा पहिल्यापासून मागवायचे. मग त्याने चाकाखाली एक ओळ लिहिली: ‘थांबा, विचारून राहिलो.’

मी चमकले. म्हणजे हाही घरी आमच्यासारखंच, ‘विचारतोय’ला ‘विचारून राहिलो’ म्हणतो!

“मग इतके दिवस हिंदी कावून बोलून राहिला होता?”

“तू मराठीत कुठं विचारलं मले?” कान पुन्हा लाल.

त्यानंतर चाकाचं निमित्त काढून तो येत राहिला. एक दिवस मात्र पुण्याला नोकरी लागल्याचं सांगायला आला. तो असाच निघून गेला असता, तर मी जन्मभर विचारच करत बसले असते.

“लग्न करशील माझ्याशी?”

चहा निवला तरी तो कप नुसता गोल गोल फिरवत बसला. मी कप उचलला आणि आत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली आणि आईचा फोन वाजायला लागला. प्लांटमधले सुखरामकाका विचारत होते, डबा मागितला मी, तर हा प्रेरणाला ‘हो’ कोण म्हणतोय? प्रेरणा म्हणजे मी! मी घाईघाईने ॲप उघडलं. चाक फिरत होतं. खाली लिहिलं होतं: ‘प्रेरणा, हो. घरी विचारून राहिलो. थांब.’

फक्त माझ्यासाठी लिहिलेली ओळ त्या बावळटाने सगळ्यांच्या फोनवर पाठवली होती!

मी फोन लावला. “साऱ्या प्लांटले कळलं.”

या वेळी मी उठून आत गेले नाही, फोन कानाला धरून थांबले.

“आई हो म्हणाली,” तो हळूच म्हणाला, “तुमच्याकडंच निघून राहिली.”

मी वळून पाहिलं. माझ्या आईने डबे बाजूला सारून ताटं काढायला घेतली होती.