पॉलिश पेपरचा एक हात

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. कारण यातली चूक माझी आहे, आणि चांगलीच बावळट आहे. पण ठोक्या म्हणतो, एखादा स्विच का नापास झाला ते लिहून ठेवलं नाही, तर तो परत नापास होतो. ठोक्या कोण, ते सांगतोच.

मी प्रल्हाद. वय बावीस. सगळे पल्या म्हणतात. कॉलेजला गेलेलो नाही. जे काही येतं ते वस्तू उघडून, आत बघून, परत जोडून शिकलो. कधीकधी एखादा स्क्रू उरतो.

साल २०४१. कुंभार्ली घाटातल्या आमच्या वेळशी गावातून सतरा मुलं रोज खाली चिपळूणला शाळेत जातात. गाडी एकच. आधी डिझेलवर चालायची, मग बॅटरीवर बदलून घेतलेली. लियाकतभाई परकार ती चालवतात. त्यांची मुलगी नसीम सातवीत आहे. ती शेवटच्या बाकावर बसते, कारण तिथून मागच्या गाड्यांना वेडावून दाखवता येतं. नसीम माझी मैत्रीण. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण माझ्या रिपेरीला नावं ठेवण्यात पटाईत.

तर कोडं असं होतं. ब्रेक दाबला की गाडीच्या मागचा लाल दिवा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. आमचा कधी लागायचा, कधी नाही. दिवा नवा. वायर नवी. बॅटरी टकाटक. मग बिघडलंय काय?

उरला फक्त स्विच. ब्रेकच्या पेडलपाशी अंगठ्याएवढी डबी असते. पेडल दाबलं की आतले दोन धातूचे ठिपके एकमेकांना टेकतात आणि विजेला वाट मिळते. त्या ठिपक्यांना संपर्कबिंदू (जिथे दोन धातू टेकतात ती जागा) म्हणतात. मी डबी उघडली. ठिपके काळे पडलेले. मग मी तेच केलं जे आमच्याकडे सगळे मेकॅनिक करतात. खिशातून खरखरीत पॉलिश पेपर काढला आणि एक हात मारला.

चकाचक! दिवा लागला. मी कॉलर ताठ केली.

आठ दिवसांनी घाटात धुकं दाटलं होतं. वळणावर रस्त्यात गवा उभा. लियाकतभाईंनी ब्रेक मारला. मागून भाजीची व्हॅन येत होती, आपोआप चालणारी, आत माणूस नाही. धुक्यात या व्हॅन पुढच्या गाडीचा लाल दिवा बघून थांबतात. लाल दिवा लागलाच नाही.

व्हॅननं अंतर मोजलं आणि अगदी शेवटच्या क्षणी थांबली. आमच्या बंपरला ओरखडा आला. नसीम नंतर म्हणाली, "पल्यादादा, तिचा कॅमेरा माझ्या नाकासमोर होता. काचेच्या पलीकडे. एवढ्यावर." आणि तिनं बोटाच्या दोन पेरांएवढं अंतर दाखवलं.

त्या दिवसापासून नसीम पहिल्या बाकावर बसायला लागली. वेडावणं बंद.

गावात म्हणायला लागले, लियाकतभाईंनीच ब्रेक उशिरा मारला असणार. वय झालं त्यांचं. शुक्रवारी आरटीओची तपासणी ठरली. दिवा एकदा जरी चुकला तर गाडी बंद. दुसरी गाडी नाही, म्हणजे सतरा जणांची शाळा बंद. आणि स्विच आठच दिवसांपूर्वी मी उघडला होता, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी बोललो नाही. खरं सांगतो, धीर झाला नाही.

मंगळवारी नसीमच म्हणाली, "ठोक्याकडे नेऊ या."

चिपळूणजवळ एमआयडीसीत एक चाचणीघर आहे. तिथे एकच कामगार, एक रोबो. त्याला एकच हात आणि त्या हाताला एकच लांब बोट; वस्तू धरायला खाली दोन बारीक चिमटे. त्या बोटानं तो स्विच दाबतो. सेकंदाला तीन वेळा, चौदा वर्षं झाली. म्हणून नाव ठोक्या. आम्ही दारात पोचलो तर आतून आवाज आला, "या. कुठलंही बटण दाबू नका. ते माझं काम आहे."

नसीम म्हणाली, "तू आत्तापर्यंत किती वेळा दाबलंयस?"

"पंचेचाळीस कोटी, बारा लाख, सहा हजार चारशे नऊ. तू विचारलंस तेवढ्यात अजून सहा."

त्यानं आमचा स्विच उघडला, एक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि चित्र समोरच्या भिंतीवर टाकलं. अख्खी भिंत भरून.

मी बघतच राहिलो. मला वाटत होतं ठिपका सपाट असतो. भिंतीवर डोंगर होते! सुळके, दऱ्या, कडे. आमच्या घाटासारखेच.

"हा गुळगुळीत धातू?" नसीमनं विचारलं.

"गुळगुळीत धातू जगात कुठेच नाही," ठोक्या म्हणाला. "सह्याद्री उचल, उलटा कर आणि दुसऱ्या सह्याद्रीवर ठेव. किती जागी टेकेल?"

नसीमनं डोळे मिटून विचार केला. "फक्त शिखरांना. तीही सगळी नाहीत. पाच-सहा."

"बरोबर. तुमच्या स्विचची सगळी वीज त्या पाच-सहा शिखरांवरून जाते."

सतरा मुलांचा जीव, आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या पाच-सहा सुळक्यांवर!

"मग हे काळं काय आहे?" मी विचारलं.

"नसीम, तुझ्या घरी चांदीचे पैंजण आहेत?"

"आहेत. काळे पडलेत. अम्मी घासते."

"हे ठिपकेही चांदीचेच. हवेत थोडा गंधक असतो, तो चांदीला चिकटतो आणि काळी साय धरते. त्या सायीतून वीज नीट जात नाही."

मी म्हणालो, "पण गाडी जुनी आहे. वीस वर्षं हाच स्विच चालला. तेव्हा नाही का साय धरली?"

ठोक्याचं बोट थांबलं. नसीम नंतर म्हणाली, तो खूश झाला की बोट थांबतं. "हा प्रश्न चांगला आहे. दिवे बंद करा. आता बघा."

त्यानं तसलाच एक स्विच घेतला, त्याला जुन्या जमान्यातला तारेचा बल्ब जोडला आणि स्विच हळूच उघडला. भिंतीवर दोन डोंगररांगा एकमेकींपासून सुटायला लागल्या. सगळ्यात शेवटचं शिखर सुटलं, आणि त्या फटीत एक तारा पेटला. निळा-पांढरा. डोळे दिपले. क्षणात विझलाही.

"प्रत्येक वेळी ब्रेक सोडला की हे होतं," ठोक्या म्हणाला. "ही ठिणगी काही हजार अंश तापते. शिखरं वितळवते. स्विच बनवणाऱ्यांनी शंभर वर्षं हिला शत्रू मानलं."

"मग शत्रूच ना?"

"हो. पण जाता जाता ती एक काम करायची. काळी साय जाळून टाकायची."

मग नसीम जवळजवळ ओरडलीच, "म्हणजे ठिणगी झाडलोट करत होती!"

आता हिशोब बघा. जुन्या दोन बल्बना साडेतीन अँपिअर (वीज किती वाहते ते मोजायचं माप) लागायचे. गाडी बॅटरीवर केली तेव्हा दिवे एलईडीचे झाले. आणि आता स्विचनं दिवा पेटवायचाच नसतो. त्यानं गाडीच्या कॉम्प्युटरला फक्त खबर द्यायची, ब्रेक दाबलाय म्हणून. त्याला लागते सातशेपट कमी वीज. एवढ्याशा विजेनं ठिणगी पडत नाही. ठिणगी नाही तर झाडलोट नाही. दिवे सुधारले आणि स्विच आजारी पडला! कोणी वाईट काही केलं नव्हतं. फक्त दिवा बदलताना स्विचला विचारायचं राहिलं होतं.

"मग जी साय धरतच नाही अशी वस्तू हवी," नसीम म्हणाली. "अम्मीची नथ कधी काळी पडत नाही."

"सोनं," ठोक्या म्हणाला. त्याच्या कपाटात तसले स्विच होते. ठिपक्यावर सोन्याचा मुलामा, केसाच्या शंभराव्या भागाइतका पातळ. आणि ठिपके नुसते टेकायचे नाहीत, टेकताना जरासे घासून बसायचे, म्हणजे धुळीचा कण आला तरी बाजूला सरकतो.

"पण गाडीत बसवायच्या आधी एक लाख वेळा दाबणार. मिठाच्या धुक्याच्या पेटीत, तिथे गंज लवकर चढतो."

नसीमनं बोटांवर मोजलं. घाटात जाऊन-येऊन तीनशे वेळा ब्रेक लागतो. शाळा वर्षाला सव्वादोनशे दिवस. एक लाख म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. ठोक्या ते सव्वानऊ तासांत करतो!

बुधवारी सकाळी वायर जोडायला त्यानं नवा स्विच माझ्या हातात दिला. झाकण अजून लावायचं होतं. मी वायरला डाग देऊन ती जोडली. ठिपका जरा मळकट वाटला. आणि माझा हात खिशात गेला. विचार करून नाही, सवयीनं. पॉलिश पेपर, एक हात. मग झाकण.

सव्वाआठला ठोक्यानं सुरुवात केली. टक टक टक. सव्वादहाला थांबला.

"बावीस हजार तीनशे चाळीस. नापास."

त्यानं ठिपका भिंतीवर टाकला. सोन्याच्या डोंगरांतून नांगर फिरवल्यासारख्या चऱ्या पडलेल्या. चऱ्यांत खालचा धातू उघडा, गंजलेला.

"सोनं टिकलं नाही," ठोक्या म्हणाला. "मी नोंद करतो. मुलामा कच्चा. या रचनेचे सगळे स्विच बाद."

नसीमचा चेहरा पडला. "सगळे? मग शुक्रवारी?"

"नापास वस्तू मी घाटात पाठवत नाही."

त्याचं बोट नोंदीकडे निघालं. मी गप्प बसलो तर चांगला स्विच बाद होणार होता. फक्त आमच्यासाठी नाही, कायमचा. जसे लियाकतभाई गावात बाद होत होते.

"थांब," मी म्हणालो. "मुलामा चांगला होता. मी पॉलिश पेपर मारला."

ठोक्याचं बोट नोंदीपासून मागे आलं.

"सोन्याला?" नसीम म्हणाली. "अम्मीच्या नथीला मारशील का रे पॉलिश पेपर?"

"सवयीनं गेला गं हात." आणि मग बाकीचंही निघालं. "आधीच्या स्विचलाही मीच मारला होता. त्या वेळी साय निघाली, पण ती का धरते ते मला कळलं नव्हतं. आठ दिवसांत परत धरली. तुझ्या अब्बांनी ब्रेक वेळेवर मारला होता, नसीम. दिवा माझ्यामुळे चुकला."

तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

ठोक्या म्हणाला, "नोंद बदलली. रचना ठीक. कारण, पॉलिश पेपर. प्रल्हाद, तुझ्यामुळे एक चांगली वस्तू वाचली."

"माझ्यामुळेच मरत होती."

"तेही लिहिलंय."

गुरुवारी दुसरा स्विच लावला. या वेळी मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. शिवाय ठोक्यानं त्याला एक जोडीदार दिला, चुंबक-संवेदक (चुंबक जवळ आला की न टेकता ओळखणारा तुकडा). त्यात टेकायचं काहीच नाही, म्हणून झिजायचं काही नाही.

"मग तो एकटाच का नको?" नसीमनं विचारलं. तिनं माझ्याकडे बघणं टाळलं, पण प्रश्न चालू होते.

"त्याला भारी उष्णता सोसत नाही. सोन्याच्या स्विचला सोसते. हा स्विच टेकून टेकून झिजू शकतो, तो नाही. एकाचा आजार दुसऱ्याला होत नाही, म्हणून जोडी. दोघांपैकी एकानं जरी सांगितलं की ब्रेक दाबलाय, तरी लाल दिवा लागतो. आणि दोघांचं म्हणणं जुळलं नाही, तर ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागतो."

"म्हणजे बिघडला की स्वतःच सांगतो?"

"मी पंचेचाळीस कोटी वेळा दाबून बघितलंय. कधीच न बिघडणारा स्विच मला भेटला नाही. जो बिघडल्यावर लपवत नाही, त्याला मी पास करतो."

संध्याकाळी साडेपाचला एक लाख पुरे झाले. एकही चुकला नाही. ठोक्याचं बोट थांबलं, आणि बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

त्याच संध्याकाळी मी पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. लियाकतभाई एवढंच म्हणाले, "लेका, आधी बोलला असतास तर चार दिवस जेवण घशाखाली उतरलं असतं माझ्या." शुक्रवारी गाडी पास झाली.

सोमवारी सकाळी परत धुकं. मुलं चढली. नसीम पहिल्या बाकापाशी थांबली, मागे बघितलं, मग चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसली. लियाकतभाईंनी ब्रेक दाबून दाखवला. धुक्यात लाल दिवा असा फुलला की मी खाली उभा असून दोन पावलं मागे सरलो. कुठेतरी पाच-सहा सोन्याची शिखरं एकमेकांना टेकली होती, आणि इथे अख्खं धुकं लाल झालं होतं.

नसीमनं खिडकी सरकवली. "मी मोठी झाले ना, की स्वतःची साय स्वतः झाडणारा स्विच बनवणार. ठोक्याला दहा लाख वेळा दाबायला लावीन."

"लाव."

"आणि पल्यादादा, तू परत चुकलास तर?"

मी खिशातला पॉलिश पेपर काढून तिच्या हातात दिला.

"चुकीन. पण लपवणार नाही. या बाकापाशी येऊन आधी तुला सांगीन, गाडी हलायच्या आत. वचन."

तिनं पेपर दप्तरात टाकला, आणि किती दिवसांनी, मला वेडावून दाखवलं.