देठामागची बोटं

शहराबाहेर हुडकेश्वरला तेव्हा घरं मोजकीच होती. श्रीधरने एकाहत्तर साली तिथे प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, तेव्हा कुंपणापलीकडे तुरीचं शेत होतं आणि वारा अडवायला मध्ये काहीच नव्हतं. भूमापन कार्यालयात कारकून असलेल्या श्रीधरला नाद एकच, फुलांचे फोटो काढायचा. तेही अगदी जवळून, वीतभर अंतरावरून. न्हाणीघरात लाल दिवा लावून तो स्वतःच फोटो धुवायचा.

त्याची बायको प्रेमलता उमरेडच्या विणकरांच्या घरातली. तिने अंगणभर कॉसमॉस लावला होता. इतक्या जवळून फोटो काढताना श्रीधर भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचा. मग फूल तेवढं लख्ख येतं, पाकळीवरची शीर न् शीर दिसते, आणि त्याच्या बोटभर मागे असेल ते सगळं धुक्यासारखं विरघळतं. पण कॉसमॉसचा देठ दोऱ्यासारखा. जरा वाऱ्याची झुळूक आली की फूल हललंच. म्हणून प्रेमलता रोपामागे उकिडवी बसायची आणि फुलाच्या पाठीमागे देठ दोन बोटांत धरून ठेवायची. कधी अर्धा अर्धा तास.

"माझा हात तर नाही ना दिसून राहिला?" ती विचारायची.

"दिसला तर फोटो काय कामाचा," तो म्हणायचा.

शहात्तरच्या पुष्पप्रदर्शनात त्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या वाऱ्यात फूल स्थिर कसं राहिलं, असं कोणीतरी विचारलं. वारा पडायची वाट पाहतो, श्रीधरने सांगितलं. प्रेमलता शेजारीच उभी होती. ती चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

पुढच्या जानेवारीत तिला ताप आला. एका सकाळी बहर ऐन भरात होता आणि ऊन हवं तसं तिरपं पडलं होतं. उभं राहवत नाही, ती म्हणाली. मग बस, श्रीधर म्हणाला, दोनच फोटो काढायचे आहेत. त्याने छत्तीस काढले. ती ओल्या मातीत बसून राहिली. आठव्या दिवशी ती गेली.

वर्षभर त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही. पण हिवाळ्यात कोणी न पेरता कॉसमॉस पुन्हा उगवला, फुलला, आणि एका रविवारी श्रीधर कॅमेरा आणि तिपाई घेऊन अंगणात आलाच. वारा जोराचा होता. सगळा ताटवा लवत होता. त्याने एका फुलावर भिंग रोखलं आणि ते फूल थांबलं.

आजूबाजूची फुलं हलत होती, हे मात्र स्थिर. त्याने घाईने बटण दाबलं.

फोटो उत्तम आला. फक्त देठामागे एक फिकट, गोलसर डाग होता. पान असेल, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं रोप निवडलं, मागची पानं खुडून टाकली. डाग होताच. तिसऱ्या दिवशी भिंगाचं तोंड बारीक करून पाहिलं, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्वच्छ येईल. त्या फोटोत देठामागे रिकामी हवा होती, आणि फूल हलून फराटलेलं.

मग त्याने तोंड पुन्हा पूर्ण उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच फुलाला सोडून भिंग बोटभर मागे रोखलं. डोळ्याला तिथे काही दिसत नव्हतं.

न्हाणीघरात, ताटलीतल्या रसायनाखाली, कागदावर चित्र हळूहळू उमटलं. फूल नुसता धुरकट ठिपका. त्याच्या मागे, लख्ख, एक अंगठा आणि एक तर्जनी. कातडीवरच्या रेषा, नखांची चंद्रकोर, सगळं स्पष्ट.

श्रीधर तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि रडला. ती गेली तेव्हा रडला नव्हता तेवढा. ती आली होती, राग न धरता आली होती, असं त्याला वाटलं. त्यानंतर तो सकाळी अंगणात बसून तिच्याशी बोलू लागला. राहिलेलं सगळं सांगू लागला. ऑफिसला दांड्या पडू लागल्या.

शेवटी त्याने उमरेडला पत्र टाकून प्रेमलताच्या थोरल्या बहिणीला, यमुताईला, बोलावून घेतलं. ती दुपारच्या एसटीने आली. त्याने फोटो तिच्या हातात दिला, आणि माफी मागणाऱ्या माणसासारखा मान खाली घालून उभा राहिला. यमुताईने तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"हा हात प्रेमाचा नाही, श्रीधरराव."

तिने फोटोतल्या तर्जनीवर बोट ठेवलं.

"पाच वर्षांची असताना तिचं हे बोट हातमागात सापडलं होतं. याच हाताचं. या बोटाले नखच नव्हतं तिच्या." तिने फोटोवरून नजर उचलली. "चौदा वर्षं संसार केला तुम्ही. तुम्हाले माहीत नव्हतं?"

श्रीधरने ते बोट आठवून पाहिलं. त्याला वाढणारा हात आठवला, चहाचा कप ठेवणारा हात आठवला. बोटं आठवेनात.

त्याने जुन्या फोटोंची पेटी काढली, बक्षिसाचा फोटोही काढला आणि सगळे सतरंजीवर मांडले. प्रत्येकात देठामागे तोच धूसर डाग, इतकी वर्षं त्याच्या नजरेत न भरलेला. यमुताई एकेक फोटो उचलून पाहत गेली.

"यातला प्रेमाचा हात कोणता?" तिने विचारलं.

श्रीधरने एक फोटो उचलला, परत ठेवला, दुसरा उचलला.

ती चहा न घेता चारच्या गाडीने परत गेली. श्रीधर खिडकी लावायला उठला.

बाहेर वारा सुटला होता. अख्खा ताटवा एका बाजूला झुकला होता. कुंपणाजवळचं एकच फूल ताठ उभं होतं.

कॅमेरा आत, कपाटात होता.

थोड्या वेळाने ते फूल वाऱ्यावर हलू लागलं, आणि त्याच्या अलीकडचं थांबलं.

मग त्याच्या अलीकडचं.

मग घराच्या पायरीशेजारचं.